एवढ्याने काय होतंय!
मुळशीत, चांदे-नांद्याकडे, कुणाच्या घरी टेकलात की गोड चहा आधी येतो, गप्पा नंतर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा नेम पाळणाऱ्याची इथे कसोटी लागते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांतून आलेला हा नेम ऐकायला सोपा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, गोड टाळायचं, मध्ये लागलंच तर पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.) भूक आवरते हो, मावशींचा आग्रह आवरत नाही. ‘एवढ्याने काय होतंय!’ म्हणत आंबेमोहोराच्या वाफाळत्या भातावर तूप पडतंच. संकष्टी आहे म्हणा, तीच मावशी भाताचं नाव काढणार नाही. देवाचा नेम चालतो, डॉक्टरांचा नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र तेव्हाही चुकत नाही! पण हा आग्रह नुसत्या गमतीचा नाही: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज होता. आग्रह करणाऱ्यांतही त्यातले काही असणारच. त्यांच्याशी पंगतीत वाद घालू नये. निघण्याआधीच फोनवर ‘माझा चहा बिनसाखरेचा’ असं सांगावं, कारण दारात पोचेपर्यंत सगळ्यांच्या एकाच पातेल्यात साखर पडलेली असते.