कोजागरीला झोपवायचं इंजिन

आमच्या मंडळाच्या बोटीचं इंजिन माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बँकेत आहे. बँकेतला माणूस सापडला की त्याला खजिनदार करायचं, हा आपल्याकडचा कुठल्याही घटनेत न लिहिलेला पण सर्वत्र पाळला जाणारा नियम. (रोज परक्यांचे पैसे मोजतो, आपलेही मोजील!) खजिनदाराकडे पावतीपुस्तक असतं, पावतीपुस्तकाच्या कपाटाची किल्ली असते, कपाट ज्या खोलीत असतं त्या खोलीची किल्ली असते, आणि त्याच खोलीत मांडवाचे बांबू, फाटकी कनात आणि मोडक्या खुर्च्या यांच्या सहवासात इंजिन असतं. अशा रीतीनं वाणिज्य शाखेचा एक पदवीधर, ज्याचा यंत्राशी संबंध 'मशिनरी अकाउंट'वरच्या घसाऱ्यापुरता, तो आठ अश्वशक्तीच्या एका आउटबोर्ड इंजिनाचा पालक झाला.

गणेश मंडळाला बोट कशाला, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. नाशकात राहिला असतात तर विचारलं नसतंत. गंगापूर धरणातून पाणी सुटलं आणि वर त्र्यंबकला पाऊस कोसळत असला की आमची एरवीची गरीब गोदावरी रामकुंड, पटांगण गिळून सराफ बाजारात खरेदीला येते. २००८ च्या सप्टेंबरात आली, २०१६ च्या ऑगस्टात आली. पुराची मोजणी आम्ही खात्याच्या आकड्यांवर करीत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, ही आमची परिमाणं. २०१६ च्या पुरानंतर मंडळानं वर्गणी काढली, एक रबरी बोट आणि एक जुनं पण चालू इंजिन घेतलं. नारळ फुटला. इंजिनाला हार घातला. अध्यक्षांनी दोरीला हात लावलेला फोटो काढला, तो अजून खोलीत आहे. फोटोवर धूळ बसत नाही, कारण तो आठवड्याला पुसतात.

आता मुद्द्यावर येतो, आणि भांडायलाच येतो.

ही आउटबोर्ड मोटर ज्यानं घरोघर नेली तो ओले एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा, लहानपणीच अमेरिकेत गेलेला. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून आईस्क्रीम आणायचं म्हणून त्यानं वल्ही मारली; उन्हाळ्याचे दिवस, परत येईतो आईस्क्रीमचं दूध झालं. त्या वैतागातून १९०९ साली त्याची मोटर बाजारात आली, अशी कथा सांगतात. (आमच्याकडे आईस्क्रीम वितळलं तर नवरे बायकोलाच बोलतात, शोध लावत बसत नाहीत.) त्या थंड मुलखात तळीच गोठतात. इंजिनात पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि बिडाचा ठोकळा तडकतो. म्हणून तिकडे हिवाळ्याआधी इंजिन नीट आवरून ठेवणं हे आपल्या वाळवणासारखं घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं काम आहे.

आमचे अध्यक्ष इथंच मला अडवतात. "अहो, नाशकात कुठं बर्फ पडतो?" आता निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या कडाक्यात शेकोट्या पेटतात हे त्यांनाही माहीत आहे, पण मान्य, इंजिनातलं पाणी गोठण्याइतकी मजल आपली थंडी मारीत नाही. आपल्याकडे इंजिन थंडीनं मरत नाही, विस्मरणानं मरतं. तिकडे ते तळं गोठल्यावर झोपतं. आमचं गोदेचं पाणी ओसरलं की झोपतं, म्हणजे ऑक्टोबर ते जून. नऊ महिने! आमच्या बँकेत बचत खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. इंजिन एवढा धीर धरीत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. २०१८ च्या कोजागरीला मंडळाची सभा झाली. आठ लिटर दूध आटलं, केशर पडलं, चारोळी पडली. त्याच रात्री इंजिन बोटीवरून उतरवून, टाकीतल्या पेट्रोलसकट, प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून, बांबूंवर आडवं निजवलं. वर हार होताच. "मस्त झोपलं," असं सेक्रेटरी म्हणाले. आम्ही सगळे जागे होतो, कोजागरीच होती. पण 'कोण जागा आहे' असं लक्ष्मीनं त्या खोलीत विचारलं असतं तर एकाच्याही तोंडून उत्तर आलं नसतं.

मग २०१९ च्या ऑगस्टची चार तारीख, रविवार. पाणी बाजारात. नदीकाठच्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर एक आजी आणि त्यांचा चार वर्षांचा नातू अडकलेला, नातवाच्या अंगात ताप. बोट निघाली. अध्यक्षांनी फोटोतल्याप्रमाणे दोरी ओढली. इंजिन गप्प. मग सेक्रेटरींनी ओढली, मग मी ओढली (बँकेतल्या माणसानं ओढलेली दोरी काय असते ते विचारू नका), मग पोरांनी आळीपाळीनं पन्नासेक वेळा ओढली. एकदा ते ढेकर दिल्यासारखं बोललं, एवढंच. शेवटी तिघं पोरं वल्ही मारीत गेली. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. आजी बाळकृष्णाचा डबा छातीशी धरून उतरल्या, नातूही उतरला, सगळं ठीक झालं. ठीक म्हणजे, एका पोराचा खांदा निखळला. तो मोटारसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवण्याचं काम करायचा; महिनाभर घरी बसला, पगाराविना. मंडळानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल त्यानं डाव्या हातानं घेतली.

तो खांदा आम्ही कोजागरीलाच निखळवून ठेवला होता. पुढली तारीख टाकलेला चेक होता तो. चार ऑगस्टला वटला.

नाशकात बोटीचे कारागीर कुठले? भद्रकालीत स्कूटर दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, तारुण्यात मुंबईला ससून डॉकवर राबलेले. त्यांनी इंजिन उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून काकवीसारखं चिकट झालेलं. ज्या भोकातून पेट्रोल जायचं ते सुईच्या टोकाएवढं, ते बुजलेलं. गिअरचं तेल निघालं ते दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. का शिरलं? पंख्याच्या दांड्याला गळाची नायलॉन दोरी गुंडाळली गेली होती, तिनं सील कापलं. ती दोरी ऑक्टोबरात पंखा काढला असता तर दिसली असती. पाण्याच्या पंपात गोदेचा गाळ. प्लगची वायर उंदरांनी कुरतडलेली. वर्षभरात इंजिनाकडे नियमानं फिरकलेले तेवढेच. बिल झालं चौदा हजार.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "मशीन चलाने से नहीं, रखने से मरता है." आणि मग त्यांनी मला जे शिकवलं ते मी दरवर्षी करतो. सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकत नाही, म्हणून इथं लिहितो.

उघड्या अंगणात पिंपाच्या काठाला इंजिन अडकवायचं आणि पिंपात स्वच्छ पाणी भरायचं, पाणी ओढायची जाळी बुडेल इतकं. इंजिन चालू केलं की पोटातला गाळ धुऊन निघतो. मग पेट्रोलची नळी काढून घ्यायची आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा. टाकीही रिकामी करायची. पेट्रोल शिळं होतंच. त्यातून आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलला हवेतल्या ओलाव्याचं भारी प्रेम. ओलावा पुरेसा साठला की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून तळाला वेगळा संसार थाटतात. प्लग काढून भोकातून चमचाभर तेल सोडायचं, दोरी दोन-चारदा हलकेच ओढायची, म्हणजे आत तेलाचा हात फिरतो; प्लग परत बसवायचे. गिअरचं तेल बदलायचं. पंखा काढून दांड्याला ग्रीस. इंजिन उभं ठेवायचं, पाणी निथळतं. वर सुती चादर, प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकखाली त्याला घाम फुटतो आणि गंज चढतो. झालं. एक दुपार आणि हजार-दीड हजार रुपये.

यावर मला तीन प्रकारचे विरोधक भेटतात. पहिले म्हणतात, "मे महिन्यात करू की, पावसाच्या तोंडावर." अरे बाबा, नासायचं ते मेपर्यंत नासून झालेलं असतं! दूध फाटल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यातले हे लोक. दुसरे म्हणतात, "महिन्यातून एकदा दोरी ओढून बघायची, सुरू होतंय ना?" हे फार धोक्याचे, कारण ते खरोखरच ओढतात. या इंजिनाला गार ठेवतं ते बाहेरचं पाणी. कोरडं चालवलं की पंपातलं रबराचं चक्र बघता बघता भाजून निघतं. आणि इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं तर आत उलट दमट होतं. तिसरे म्हणतात, "नवीनच घेऊ, वर्गणी काढू." हे माझे खरे शत्रू. खरेदीला नारळ आहे, हार आहे, फोटो आहे. गिअरच्या तेलाचं उद्घाटन कोण करणार? हिशेबाच्या भाषेत पहिला भांडवली खर्च, तो ताळेबंदात मानानं बसतो. दुसरा महसुली, तो नफा-तोट्यात जातो आणि सभेत 'हे काय?' असं विचारलं जातं. हे केवळ आमच्या मंडळाचं दुखणं असतं तर मी वहीत लिहून गप्प बसलो असतो. पण आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाकडे, शाळेच्या जनरेटरकडे, कोपऱ्यातल्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे एकदा बघून या.

कोकणातले कोळी पहा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. त्यात इंजिनाची निगा कोणी विसरत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला वाहिला की त्याच इंजिनावर पोट चालायचं असतं. आमचं पोट गोदेवर नाही, म्हणून आम्ही सुखी. पण आमच्याकडे सिंहस्थसुद्धा भर पावसाळ्यात येतो. २०१५ साली ऑगस्ट-सप्टेंबरात लाखो माणसं त्याच काठावर पाण्यात उतरली होती. त्या गर्दीत कुणी दोरी ओढली आणि इंजिनानं ढेकर दिली तर सत्काराला किती शाली लागतील, याचा हिशेब मी करीत नाही.

गेल्या कोजागरीला मी संध्याकाळीच पिंप मांडलं. आमची ही म्हणाली, "तुमच्या हाताला पेट्रोलचा वास येतोय, दुधाला हात लावू नका." नाही लावला. रात्री सभेत अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न टाकला : "गिअर ऑइल, प्लग, ग्रीस... खजिनदार, हे कोणत्या खात्यात टाकलंत?"

मी एकवीस वर्षं बँकेत आहे, खोटी नोंद आयुष्यात केली नव्हती. सांगितलं, "केशर-बदाम."

ठराव एकमतानं मंजूर झाला.