वर्गाबाहेरचे धडे : आधी घेणे, मग देणे



मागील लेखांकात मुलांच्या हस्ताक्षराविषयी लिहिले होते. या खेपेस वह्या मिटून खेळाच्या तासाकडे वळावे असे मनात आहे.

येथे संयुक्त अरब अमिरातीत खेळाचे मैदान असूनही वर्षातील कित्येक महिने ते नसल्यासारखेच असते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम करवून घेण्यासही सरकारी मनाई आहे. तेथे आठनऊ वर्षांच्या मुलांची काय कथा! उन्हाळा लागला की आमचा खेळाचा तास सभागृहात भरतो, आणि चार भिंतींत शोभेल असा खेळ म्हणून मुलांच्या हाती बास्केटबॉल येतो.

या खेळाचा जन्मही ऋतूच्या अडचणीतूनच झाला, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. फरक इतकाच की तेथे ऊन नव्हते, थंडी होती. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे एक तरुण शिक्षक होते. हिवाळ्यात कोंडून पडलेला, कवायतीला कंटाळलेला एक वर्ग त्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि दोन आठवड्यांत या मुलांसाठी घरात खेळण्याजोगा खेळ शोधून काढा, असे वरिष्ठांनी सांगितले. नेस्मिथ यांनी विचार केला की मैदानी खेळांत धसमुसळेपणा होतो तो मुख्यतः चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडविण्यासाठी. तेव्हा पळण्यासच बंदी केली तर? त्यांनी १३ नियम लिहिले. त्यांपैकी एक असा की चेंडू हाती घेऊन धावावयाचे नाही. जेथे झेलला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावयाचा. पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर टांगल्या आणि १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ करून डिसेंबर महिन्यात पहिला सामना झाला. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेणे, ज्याला ड्रिबलिंग म्हणतात, ते पुढे आले. खेळाचा मूळ पाया म्हणजे चेंडू सोबत्याला देणे, अर्थात पास.

हा खेळ आपल्या परिचयाच्या गल्ल्यांतही रुजला. भायखळा, माझगाव, जेकब सर्कल या भागांत वाढलेल्या मंडळींना नागपाडा नेबरहूड हाऊस आठवत असेल. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ साली ते सुरू केले. त्या दाट वस्तीतील बास्केटबॉलच्या अंगणांतून मुंबईचेच नव्हे तर देशाचे खेळाडू निघाले. भारतीय संघाचे कर्णधार झालेले व १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे नागपाड्याचेच. जागा चिंचोळी असली की लांब धावण्यापेक्षा अचूक पास अधिक उपयोगी पडतो, हे त्या वस्तीतील मुलांना कोणी वेगळे शिकवावे लागले नसेल.

इतके सारे ठाऊक असूनही मी स्वतः आरंभी मोठी चूक केली. आमच्याकडे खेळाच्या शिक्षकांची जागा काही महिने रिकामी होती आणि चौथीच्या वर्गाचा खेळाचा तास माझ्याकडे आला. कपाटातून मिळाले ते चेंडू घेतले, मुलांच्या समोरासमोर दोन रांगा केल्या आणि म्हटले, "फेका!" ते चेंडू प्रौढ पुरुषांचे, सात क्रमांकाचे, सहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे. दुसऱ्याच दिवशी एका मुलाच्या बोटांवर चेंडू जोराने आदळला. बोट सुजले. तो रडला नाही. परंतु त्या दिवसापासून चेंडू येताना दिसला की मान वळवून तो डोळे मिटी आणि हात पाठीमागे नेई.

तो मुलगा वर्षाच्या मध्यावर आमच्याकडे दाखल झालेला. आमच्या वर्गात मल्याळी, पंजाबी, फिलिपिनो, सिरियन, इजिप्शियन अशी नाना देशांची मुले. इंग्रजी सर्वांनाच थोडीफार येते, त्याला मात्र ती अगदीच तुटपुंजी येत होती. दोन आठवड्यांत सर्वांनी त्याच्याकडे चेंडू टाकणेच सोडले. मी विचारले तेव्हा एका चुणचुणीत मुलीने सरळ उत्तर दिले, "तो झेलत नाही, म्हणून आम्ही देत नाही." मुले दुष्ट नव्हती. त्यांचा हिशेब बिनचूक होता. चुकले होते ते माझे शिकविणे.

अध्यापक विद्यालयात आम्हांला पहिले सूत्र शिकविले होते ते 'सोप्याकडून कठिणाकडे'. गणितात आणि भाषेत मी ते जन्मभर पाळले, आणि खेळाच्या तासाला विसरले. फेकणे शिकविण्याआधी झेलणे शिकवावयास हवे होते, आणि झेलण्याआधी भीती घालवावयास हवी होती. मी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आपल्यापैकी ज्यांना घरी मुलानातवंडांशी खेळावयाचे असेल त्यांच्यासाठी तो क्रम येथे देते.

प्रथम चेंडू बदलला. या वयाच्या मुलांसाठी पाच क्रमांकाचा लहान चेंडू असतो. त्याचे वजन पाचशे ग्रॅमच्या आत राहते. मिनी बास्केटबॉलमध्ये कडीही ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर बसवितात. अगदी घाबरणाऱ्या मुलासाठी पहिले काही दिवस साधा मऊ रबरी चेंडूही चालतो.

मग दोघादोघांना जमिनीवर बसवून चेंडू नुसता गडगडत द्यावयास सांगितले. गडगडत येणाऱ्या चेंडूची कोणासही भीती वाटत नाही आणि नजर त्याच्यावर ठेवण्याची सवय होते. त्यानंतर टप्प्याचा पास, म्हणजे बाऊन्स पास. दोघांमधील अंतराचे तीन सारखे भाग कल्पावेत आणि चेंडू दुसऱ्या भागाच्या शेवटी जमिनीस टेकवावा; तो उसळून समोरच्याच्या कमरेशी अलगद येतो. जमिनीने त्याचा वेग थोडा खाल्लेला असतो, म्हणून तो झेलण्यास सोपा.

झेलताना दोन्ही हात छातीपुढे, बोटे पसरलेली, अंगठे एकमेकांच्या जवळ. चेंडू बोटांना लागताच कोपरे वाकवून तो अंगाकडे ओढून घ्यावयाचा, जणू कोणी वरून अंडे टाकले आहे. चेंडू कमरेखाली आला तर बोटे जमिनीकडे करावीत आणि करंगळ्या जवळ आणाव्यात.

सर्वांत शेवटी छातीपासूनचा पास, म्हणजे चेस्ट पास. चेंडूच्या दोन्ही बाजूंस बोटे, मागे अंगठे, कोपरे अंगालगत. एक पाऊल पुढे टाकीत हात सरळ करावयाचे. चेंडू सुटल्यावर तळवे बाहेरच्या बाजूस वळलेले आणि अंगठे खाली असावेत. अंतर आरंभी तीन मीटरच पुरे.

याखेरीज मी एक नियम घातला. घेणाऱ्याने हात पुढे करून देणाऱ्याला नावाने हाक मारल्याशिवाय चेंडू सोडावयाचा नाही. आणि चेंडू खाली पडला तर चूक प्रथम देणाऱ्याची धरावयाची. मुलांनी कुरकुर केली. "मी तर नीट टाकला होता!" हे वाक्य रोज दहा वेळा ऐकले. माझे उत्तर एकच असे: नीट टाकला की नाही हे तुझ्या हातावरून ठरत नाही, त्याच्या हातावरून ठरते.

महिनाभराने नेस्मिथ यांचा मूळ नियम लावून सामना खेळविला. धावणे नाही, आपटणे नाही. आणि संघातील प्रत्येकाच्या हाती चेंडू लागल्याखेरीज टोपलीकडे टाकावयाचा नाही. आता त्या मुलाला वगळून कोणाचेच भागेना. त्या चुणचुणीत मुलीने त्याच्यासमोर दोन पावले जवळ जाऊन टप्प्याचा पास दिला. त्याने हाक मारली, चेंडू त्याच्या हातांतून निसटला, पुन्हा छातीशी सापडला. हात पाठीमागे गेले नाहीत. तो मोठा खेळाडू झाला असे मी सांगणार नाही. आजही त्याचे निम्मे झेल सुटतात. परंतु वर्गातील सर्व मुलांची नावे त्याला ठाऊक झाली आहेत, आणि त्यांना त्याचे.

तुमच्याकडे इस्राएलमध्ये बास्केटबॉलचे वेड केवढे आहे हे मी सांगावयास नको. २०२५-२६ च्या युरोलीगमध्ये तेल अवीवचे मक्काबी व हापोएल आणि दुबईचा संघ एकाच स्पर्धेत उतरले. ते सामने पाहताना हिब्रू समालोचक पासला 'मेसिरा' म्हणतात हे आपण ऐकले असेल. त्याच धातूपासून परंपरेसाठी 'मासोरेत' हा शब्द होतो. पिर्के आवोतच्या आरंभी तोरा पिढ्यानुपिढ्या हातोहात कशी आली त्याची साखळी सांगितली आहे. तेथेही मोशे रब्बेनूंविषयी बोलताना घेण्याचे क्रियापद आधी येते, देण्याचे मागाहून. इतकी वर्षे ते वाचीत आले. त्यातील क्रम मला चौथीच्या वर्गाने दाखविला.

दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद येथील भगिनींची एक तक्रार मी पुष्कळदा ऐकते: "नातवंडे मराठी घेतच नाहीत हो!" तिला उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. तथापि आपण कोणत्या क्रमांकाचा चेंडू, किती अंतरावरून आणि किती जोराने टाकीत आहोत, हे एकदा पाहावे. संपूर्ण कीर्तन एकदम समजावे अशी अपेक्षा ठेवण्याऐवजी मलिद्याच्या ताटातील पोहे, खोबरे, साखर यांची नावे प्रथम गडगडत द्यावीत. मूल हात पुढे करीपर्यंत थांबावे. आणि शब्द खाली पडलाच, तर त्याला न रागावता आपणच वाकून तो उचलावा व दोन पावले जवळ जाऊन पुन्हा द्यावा.

पुढील लेखांकात पाढ्यांविषयी लिहीन. तोवर शालोम.