तक्रार म्हणजे लक्षण नव्हे

चाळिशीच्या एका बाईंना आमच्या मेडिसिन वॉर्डात आणले. हात थरथरत होते, तोल जात होता, जीभ अडखळत होती. सोबतच्या दिराने आधीच सांगून टाकले, "डॉक्टर, डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे, तिच्या बोलण्याकडे फार लक्ष देऊ नका." बाई मात्र एकच सांगत होत्या : गोळ्यांनी असं होतंय, महिनाभर सांगतेय. रक्तातले लिथियम तपासले, तर ते सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बायपोलर आजारावर लिथियम उत्तम औषध आहे. पण गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे. म्हणून रक्तातले प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड नियमित तपासावे लागतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके सोबत घेतली तर प्रमाण चढू शकते. बाई गुडघ्यांसाठी तीच गोळी रोज घेत होत्या, आणि वर्षभरात रक्ताची एकही तपासणी झालेली नव्हती. थरथरीची तक्रार केली तेव्हा खासगी दवाखान्यातील मानसोपचारतज्ज्ञांनी 'चिंता वाढली' असे लिहून आणखी एक गोळी दिली होती.

औषधाने हात कापणे हा निष्काळजीपणा नाही. दुष्परिणाम चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होतात. तपासणीच न करणे आणि रुग्णाचे न ऐकणे, हा मात्र आहे. छातीत दुखते म्हणणाऱ्याचा आपण ईसीजी काढतो. मनोरुग्ण तेच म्हणाला तर त्याचा आजार वाढला असे समजतो. हे पाप मीही केले आहे. केसपेपरवर आधीचे निदान वाचून पुढचे वाक्य अर्धवट ऐकले आहे.

दाद मागायची तर आधी कागद हातात हवेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. औषधांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिले जपून ठेवा. आणि रागाच्या भरात गोळ्या एकदम बंद करू नका. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

सेवेतल्या त्रुटीची तक्रार रुग्णालयाच्या प्रमुखाकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, पण मुदत दोन वर्षांची. मनाच्या आजारातून सावरण्यातच त्यातला बराच काळ जातो. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, तरी त्यावर विसंबू नये. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. दिवाणी न्यायालय उरते. गरीब रुग्णाला सर्वांत लांबचा रस्ता का, हे मला सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढूनही पटलेले नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो, आणि २०१७ च्या कायद्याने दिलेले हक्क बजावण्यासाठी मनोरुग्णालाही.

खरी अडचण पुढे आहे. चूक झाली हे सांगायला दुसरा डॉक्टर लागतो, आणि आम्ही एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतो. बाईंच्या डिस्चार्ज कार्डावर मी लिथियमचे प्रमाण, चालू असलेल्या गोळ्या आणि 'पूर्वी तपासणी झाल्याची नोंद नाही' एवढेच लिहिले. एका सहकाऱ्याने विचारले, "कशाला नसती भानगड?"

नोंदींचा अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. दवाखान्याने पोच दिली आहे. उद्या संध्याकाळी ७२ तास पूर्ण होतात.