मिस विलर्ड आणि ‘गृहरक्षणा’चा युक्तिवाद

काही महिन्यांपूर्वी एका व्याख्यानमालेत मिस फ्रान्सिस विलर्ड ह्या अमेरिकन विदुषीच्या चरित्रावरील व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हांस आला. व्याख्याते बहुश्रुत होते, त्यांची वाणी रसाळ होती, आणि सभा संपल्यावर मंडळी प्रसन्न मुद्रेने घरी परतली. ही प्रसन्नताच आम्हांस खटकली. व्याख्यानाचे तात्पर्य असे की, इतर मताधिकारवादिनींनी हक्कांचे नाव घेऊन पुरुषांशी कलह मांडला व स्वतःचे हसे करून घेतले. विलर्डबाईंनी मात्र केवळ घराच्या रक्षणासाठी मत मागितले, कोणाचे मन दुखविले नाही, आणि म्हणूनच लक्षावधी स्त्रिया त्यांच्या मागे गेल्या. सबब आमच्या भगिनींनीही हक्कांची भाषा सोडून हाच कित्ता गिरवावा. टाळ्या पडल्या. जे ऐकून श्रोत्यांपैकी कोणासही आपल्या चालीरीतींत तिळमात्र बदल करावा लागत नाही, अशा उपदेशास टाळ्या नेहमीच पडतात.

आमचे म्हणणे एवढेच की, हे चरित्र अर्धेच सांगितले गेले, आणि जो अर्धा भाग गाळला गेला त्यातच ह्या ‘गृहरक्षणा’च्या युक्तिवादाची खरी परीक्षा झालेली आहे.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगू. विलर्डबाईंचा जन्म १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातील चर्चव्हिल ह्या खेड्यात झाला. बालपण विस्कॉन्सिनमधील शेतावर गेले. झाडांवर चढणे, भावाबरोबर रानात भटकणे ह्यांत वाढलेल्या ह्या मुलीस सतराव्या वर्षी केस बांधून पायघोळ झगा घालावा लागला, तेव्हा आपले स्वातंत्र्य संपले असे तिला वाटले. त्याच सुमारास तिचा थोरला भाऊ ऑलिव्हर वडिलांबरोबर प्रथमच मत देण्यास निघाला, आणि दोघी बहिणी खिडकीतून त्या गाडीकडे पाहत राहिल्या. ही हकीकत त्यांनी १८८९ सालच्या आत्मचरित्रात स्वतः नमूद केली आहे. वाचकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मनात दारूचे गुत्ते नव्हते, की घराचे रक्षण नव्हते. भावास जे मिळाले ते मला का नाही, एवढाच सरळ प्रश्न होता. हक्काची भाषा विलर्डबाईंस परकी नव्हती. ती त्यांनी पुढे समजून उमजून बाजूस ठेवली.

इव्हान्स्टन येथे स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या त्या १८७१ साली प्रमुख झाल्या. दोन वर्षांत ते महाविद्यालय नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. त्या विद्यापीठाचे अध्यक्ष फाउलर हे एके काळी बाईंचे नियोजित वर होते आणि तो वाङ्निश्चय बाईंनीच मोडला होता, हा योगायोग कादंबरीकारांस आवडण्यासारखा आहे. मतभेद वाढले व १८७४ च्या जूनमध्ये बाईंनी राजीनामा दिला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात ओहायोतील हिल्सबरो गावच्या स्त्रिया गुत्त्यांच्या दाराशी बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या होत्या आणि ते लोण गावोगाव पसरले होते. ह्या चळवळीतून १८७४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंड येथे ‘वूमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही संस्था निघाली. विलर्डबाई तिच्या चिटणीस झाल्या, आणि १८७९ पासून १८९८ साली मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिल्या.

ह्या स्त्रियांस सोवळ्या, कजाग, पुरुषांच्या करमणुकीवर विरजण घालणाऱ्या म्हणून हसण्याची एक रीत सुशिक्षितांत पडली आहे. अमेरिकेतील दारूबंदी १९२० पासून १९३३ पर्यंत कशी फसली ह्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात, आणि दोष ह्या गुडघे टेकणाऱ्या बायकांच्या माथी मारला जातो. हे हसणे अज्ञानाचे आहे. इंग्रजी परंपरेच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची, मजुरी नवऱ्याची, मुलांवरचा ताबाही प्रथम त्याचाच. एकेक राज्य ह्यात दुरुस्ती करीत होते खरे, पण शनिवारी रात्री पगार गुत्त्यात ओतून येणाऱ्या नवऱ्यासमोर त्या दुरुस्तीचा उपयोग किती? गुत्त्यास परवाना द्यावा की नाही हे ठरविणाऱ्यांत तिचे मत नाही. परवाना मिळाल्यावर जे घडेल ते सोसणे मात्र तिच्याकडे. अशा स्थितीत दारू हा तिच्या दृष्टीने अन्नाचा आणि अंगावरच्या वळांचा प्रश्न होता.

हे ओळखून विलर्डबाईंनी १८७६ पासून ‘गृहरक्षणा’चे मत मागण्यास आरंभ केला. १८७९ साली इलिनॉयच्या विधिमंडळापुढे त्यांनी जो अर्ज ठेवला त्यात मागणी एवढीच की, आपल्या गावात दारूचा परवाना द्यावा की नाही ह्या प्रश्नापुरते तरी स्त्रीस मत असावे. अर्जावर १,८०,००० हून अधिक सह्या होत्या. विधिमंडळाने तो फेटाळला. परंतु ज्यांना ‘मताधिकार’ हा शब्द ऐकूनच कापरे भरे अशा धर्मभीरू गृहिणींनी त्यावर सह्या केल्या, ही गोष्ट फेटाळता येण्यासारखी नव्हती. १८९० च्या सुमारास युनियनच्या सभासद दीड लाखांच्या घरात होत्या. त्या वेळी मताधिकाराच्या राष्ट्रीय संस्थेस ह्याच्या दशांशही सभासद मिळवताना नाकी नऊ येत होते. विलर्डबाईंचे धोरण ‘सर्व काही करा’ असे होते, आणि त्या अन्वये युनियनने पाळणाघरे काढली, मोफत दवाखाने काढले, तुरुंगांत स्त्री-पहारेकरी नेमण्याची मागणी केली, संमतिवयाचा कायदा हाती घेतला. हे संमतिवय तेव्हा अमेरिकेतील कित्येक राज्यांत १० वर्षे होते! आमच्याकडे १८९१ साली ह्याच विषयावर रणे माजली, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

महाराष्ट्राचा ह्या चरित्राशी साक्षात संबंध आहे तो पंडिता रमाबाईंच्या द्वारे. रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेत होत्या. विलर्डबाईंशी त्यांचा स्नेह जडला, युनियनचे हिंदुस्थानातील कामही त्यांनी पत्करले, आणि १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात ह्या संस्थेची मोठ्या आदराने माहिती दिली. मराठी वाचकांच्या मनात विलर्डबाईंची जी मूर्ती आहे ती बहुतांशी तेथूनच आलेली. रमाबाईंनी जे पाहिले ते खरेच लिहिले. परंतु ते पुस्तक निघाले १८८९ साली, आणि आम्हांस ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे ती त्यानंतरची आहे. आमच्या व्याख्यात्यांस मात्र ही सबब उपलब्ध नाही.

१८८१ पासून विलर्डबाई दक्षिणेकडील राज्यांत फिरून तेथील गोऱ्या स्त्रियांस युनियनमध्ये ओढीत होत्या. यादवी युद्धाने दुभंगलेल्या राष्ट्राच्या स्त्रिया एका संस्थेत आणाव्या, हा हेतू उदात्त होता. पण पाहुण्याने यजमानाचे मन राखावे तसे राखता राखता त्या यजमानाचेच विचार बोलू लागल्या. १८९० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हॉइस’ पत्रात त्यांची एक मुलाखत आली. तीत त्यांनी दक्षिणेतील गोऱ्यांविषयी कळवळा दाखविला, कृष्णवर्णीय प्रजेच्या वाढीस टोळधाडीची उपमा दिली, गुत्ता हे तिच्या सामर्थ्याचे केंद्र असल्याचे म्हटले, निरक्षरांस मत देण्यात चूक झाली असे सुचविले, आणि ह्या लोकांमुळे ठिकठिकाणी स्त्रिया, मुले व घर ह्यांची सुरक्षितता धोक्यात आहे असे सांगितले. त्याच शरदऋतूत मिसिसिपी राज्याने साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचे मत हिरावणारी नवी घटना मंजूर केली, हे लक्षात घेतले म्हणजे ही मुलाखत केवळ तोंडातून निसटलेली वाक्ये राहत नाहीत.

वाचकहो, शब्द ओळखीचा वाटला ना? घर! ज्या घराच्या रक्षणासाठी इलिनॉयमध्ये स्त्रीस मत द्यावयाचे, त्याच घराच्या रक्षणासाठी मिसिसिपीत दुसऱ्याचे मत काढून घेणे समजण्यासारखे ठरते. हक्क माणूस म्हणून मागितला तर तो शेजारच्या माणसास नाकारताना जीभ अडखळते. तो ‘रक्षणा’साठी मागितला, तर रक्षण कोणापासून हे सांगावेच लागते, आणि तेथे गुत्तेवाल्याच्या जागी कोणासही उभे करता येते.

ह्या शब्दाचा दुसरा उपयोग काय होत होता, हे आयडा बी. वेल्स ह्या स्त्रीने जगापुढे मांडले. वेल्सबाई १८६२ साली मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मल्या, शिक्षिका झाल्या, व मेंफिस येथे वृत्तपत्र चालवू लागल्या. १८९२ च्या मार्चमध्ये त्या गावी तीन कृष्णवर्णीय माणसांस जमावाने तुरुंगातून ओढून ठार मारले. त्यांचा अपराध हा की, त्यांचे वाणसामानाचे दुकान जवळच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्यास जड जात होते. ह्या तिघांपैकी एक वेल्सबाईंचा निकटचा स्नेही होता. स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणार्थ असे शासन होते, हे तेव्हाचे नेहमीचे समर्थन. वेल्सबाईंनी एकेका हत्येची चौकशी करून दाखविले की, बहुतेक ठिकाणी असा आरोपसुद्धा नव्हता. आणि जेथे होता तेथेही कित्येकदा मामला परस्परसंमतीचा होता. हे छापताच त्यांचे मुद्रणालय उद्ध्वस्त करण्यात आले.

पुढे १८९४ साली वेल्सबाई इंग्लंडात असताना त्यांनी विलर्डबाईंची ती जुनी मुलाखत पुन्हा छापवून आणली. विलर्डबाई तेव्हा तेथेच लेडी हेन्री सॉमरसेट ह्यांच्याकडे राहत होत्या. लेडीसाहेबांनी लंडनच्या एका पत्रात सखीचा बचाव मांडला. तोही वाया गेला; आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या अधिवेशनात, अध्यक्षपदावरून, विलर्डबाईंनी उलट वेल्सबाईंसच दोष दिला, की त्या गोऱ्या स्त्रियांच्या शीलावर शिंतोडे उडवितात. न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की, विनाचौकशी हत्येचा निषेध विलर्डबाईंनी शब्दांनी केला होता, आणि त्यांच्या संस्थेत कृष्णवर्णीय स्त्रियाही होत्या. फ्रान्सिस हार्पर ह्यांच्यासारखी थोर लेखिका तेथे अधिकारपदावर काम करून गेली होती. पण निषेध करावयाचा कृत्याचा, आणि जपावयाची ती दंतकथा जिच्या आधारे ते कृत्य होते, ही कसरत कोणासही साधणारी नव्हती.

आम्हांस उत्तर मिळेल ते ठाऊक आहे. हक्कांचा घोष करणाऱ्या एलिझाबेथ स्टँटन व सूझन अँथनी तरी ह्या बाबतीत कोठे निष्कलंक होत्या? कृष्णवर्णीय पुरुषांस आधी मत मिळते म्हणून १८६९ साली त्यांनी केलेली भाषणेही आज वाचवत नाहीत. अगदी खरे. पण त्या घसरल्या त्या आपला युक्तिवाद सोडून. विलर्डबाई घसरल्या त्या आपल्या युक्तिवादाचे बोट धरून. दुसरे उत्तर असे की, त्या काळी दुसऱ्या कोणत्याही भाषेने लाखो गृहिणी उंबरठ्याबाहेर आल्याच नसत्या. हेही आम्ही मान्य करतो, व म्हणूनच १८७९ च्या विलर्डबाईंविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्यांच्यापुढे १८९४ सालचा इतिहास उघडा पडला आहे, अशा व्याख्यात्यांनी ती भाषा बिनधोक म्हणून आमच्या मुलींच्या हाती द्यावी, ह्याला आमची हरकत आहे.

विलर्डबाई स्वतः एका जागी थांबणाऱ्या नव्हत्या. दारूने दारिद्र्य येते असे आयुष्यभर सांगून, उतारवयात दारिद्र्यानेही दारू येते हे त्यांनी जाहीरपणे कबूल केले व मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर पुस्तकही लिहिले. वेल्सबाईंच्या प्रश्नावर मात्र त्यांस असे वळता आले नाही. वॉशिंग्टनच्या राजभवनात प्रत्येक राज्याने आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे पाठवावयाचे असतात. तेथे स्त्रीचा पहिला पुतळा बसला तो १९०५ साली, इलिनॉयने पाठविलेला, विलर्डबाईंचाच.

आमच्या व्याख्यात्यांची व्याख्याने आता पुस्तकरूपाने निघणार आहेत असे कळते. तीत १८९० ची मुलाखत व १८९४ चे अध्यक्षीय भाषण ह्यांस दोन पाने मिळावीत, इतकीच आमची विनंती आहे. पृष्ठसंख्या वाढविणे जड जात असेल, तर सायकलचे प्रकरण गाळावे; व्याख्यानातही त्याने वीस मिनिटे घेतली होती.