गाणे घरात वाजू द्या!



आई-वडिलांच्या शेजारी बसून, एकच गाणे तुम्ही सर्वांनी मिळून शेवटचे कधी ऐकले? प्रश्न गाण्याचा आहे, पण विचारणारा पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे. हल्ली एका घरात चार माणसे चार गाणी ऐकतात आणि घर मात्र शांत असते. प्रत्येकाचे गाणे ज्याच्या त्याच्या कानात. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण या सोयीपायी विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हातून एक चांगली प्रयोगशाळा निसटत चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगतो.

माझे बालपण १९८० च्या दशकात एका तालुक्याच्या गावी गेले. घरात दोन बँडचा रेडिओ होता, एक टेपरेकॉर्डर होता आणि आईची डबल रीडची पेटी होती. संगीताचे शास्त्र घरात कोणी शिकलेले नव्हते. आई कामे करता करता कॅसेटबरोबर गुणगुणत असे, वडील ऐकत आणि आम्ही भावंडे अभ्यासाची पुस्तके उघडी ठेवून कान तिकडे देत असू.

वीज गेली की टेपरेकॉर्डर सेलवर चाले. एके दिवशी नेहमीची कॅसेट लावली असता आई मध्येच थांबली. “आज ही बाई खाली का गातेय?” असे म्हणून तिने पेटी ओढली आणि सूर लावून पाहिला. एरवी काळी एकमध्ये असणारे गाणे त्या दिवशी पांढरी एकमध्ये आले होते! वडिलांनी सेल बदलले आणि गाणे पुन्हा आपल्या जागी गेले.

यात काय घडले होते? कॅसेटची फीत वाचकासमोरून दर सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. (या हिशेबाने अर्ध्या तासाच्या एका बाजूला सुमारे ८६ मीटर फीत लागते. गुणाकार करून पहा.) फितीवर एका सेकंदाची जी कंपने साठवलेली असतात, ती वेग मंदावल्यावर वाचून व्हायला एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे कंपनसंख्या घटते आणि स्वर उतरतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्यांत सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते. तेव्हा सेल उतरल्यामुळे फितीचा वेग ४.७६ वरून ४.५ सेंटिमीटरच्या जवळपास आला असला पाहिजे. आईला यातले एकही सूत्र ठाऊक नव्हते. पण मोटारच्या वेगातली ६ टक्क्यांची घट तिने नुसत्या कानाने पकडली होती.

पेटीचीही अशीच एक गोष्ट आहे. एका पट्टीचा आवाज थरथरल्यासारखा येऊ लागला. आई म्हणाली, “यातले दोन सूर भांडताहेत.” त्या पट्टीखाली एकाच स्वराच्या दोन रीड होत्या. समजा, एकीची कंपने सेकंदाला २४० आणि दुसरीची २४२ असतील, तर दोन्ही मिळून येणारा आवाज सेकंदाला दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. कॉलेजात यालाच ‘बीट्स’ म्हणतात. पेटी दुरुस्त करणारा कारागीर रीड किंचित घासतो, पुन्हा ऐकतो आणि ही चढउतार नाहीशी झाली की थांबतो. त्याचे मापनयंत्र म्हणजे त्याचा कान!

आता मी हेच बीट्स दर वर्षी वर्गात शिकवतो. सूत्र सर्वांना पाठ असते. पण जवळजवळ सारख्या कंपनसंख्येचे दोन नादकाटे वाजवून “ऐका” म्हटले, की काही मुले गोंधळतात. त्यांना चढउतार जाणवतच नाही. ज्यांच्या घरी पेटी, तबला किंवा भजन असते, ती मुले बहुधा आधी मान डोलावतात. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, वर्गातला अनुभव आहे. पण कानालाही सवय लागते आणि ती लहानपणी, कोणाच्या तरी सोबतीने लागते, एवढे त्यावरून मला वाटते.

सोबतीचे महत्त्व सांगणारे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवणारे संगीतज्ञ होते. गॅलिलिओ ते वाद्य त्यांच्याकडूनच शिकला. त्या काळी एक समजूत शतकानुशतके चालत आली होती, की तारेला टांगलेले वजन दुप्पट केले की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. पायथागोरसचे नाव घेऊन ती सांगितली जाई. व्हिन्चेंझोंनी तारांना वजने टांगून प्रत्यक्ष ऐकले. दुप्पट वजनाने सप्तक जुळेना. ते जुळले चौपट वजनाने! ही गोष्ट त्यांनी १५८९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. तेव्हा गॅलिलिओ २५ वर्षांचा होता. पुढे १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तारांच्या कंपनांचा विचार मांडला, त्यातही हे चौपट वजन आहेच. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नये, करून पाहावे, हा धडा या मुलाला घरातच, वाद्याच्या तारेवर मिळाला होता.

आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय वाद्यांकडे याच नजरेने पाहिले. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत. मृदंग-तबल्यात मात्र मधल्या शाईमुळे ते १, २, ३ अशा पूर्णांकी प्रमाणात येतात, हे त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये दाखवले. १९२१ मध्ये रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. ही वाद्ये लाखो लोक ऐकत होते. प्रश्न पडला तो लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला.

यावर तुम्ही म्हणाल, “सर, आई-वडिलांची गाणी आम्हाला आवडत नाहीत.” आवडलीच पाहिजेत असे कोठे आहे? जुने तेवढे चांगले आणि नवे तेवढे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एक दिवस त्यांची गाणी लावा, एक दिवस तुमची. एकाच गाण्याबद्दल दोघांना वेगवेगळे ऐकू आले, की बोलणे सुरू होते आणि बोलण्यातून प्रश्न निघतात. एकट्याच्या कानातल्या गाण्यावर “आज ही खाली का गातेय?” असे विचारायला शेजारी कोणी नसते.

कानाच्या आरोग्याचाही हिशेब ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८५ डेसिबलला तो आठवड्याला सुमारे ४ तासच उरतो. घरात गाणे वाजत असेल, तर “आवाज कमी कर” असे सांगणारे कोणी असते. कानात वाजणारा आवाज बाहेरच्याला कळत नाही.

तेव्हा या रविवारी अर्धा तास काढा. आई-वडिलांना विचारा, “तुम्ही लहानपणी काय ऐकत होता? कशावर ऐकत होता?” माळ्यावर जुना रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर असेल तर खाली काढा. मग व्हिन्चेंझोंचा प्रयोग मिळून करा. सतारीची बारीक तार टेबलाच्या एका कडेला घट्ट बांधा, दुसऱ्या कडेवरून अर्ध्या किलोचे वजन टांगा, तारेखाली ३० सेंटिमीटर अंतरावर दोन पेन्सिली आडव्या सरकवा आणि मधली तार छेडा. नंतर वजन २ किलो करा. (वजनाखाली उशी ठेवा आणि चेहरा तारेपासून दूर ठेवा.) वरचा ‘सा’ लागला का, ते आईला गाऊन पाहायला सांगा. मोबाइलवर कंपनसंख्या मोजणारी साधने फुकट मिळतात. तीही जरूर वापरा. मात्र आकडा पाहण्याआधी प्रत्येकाने आपल्या कानाचा कौल सांगावा.

आणि हा अंक आई-वडिलांच्या हाती पडला, तर त्यांनाही एक विनंती आहे. मुलांना गाण्याचा क्लास लावा किंवा लावू नका. पण तुम्हाला आवडणारे गाणे त्यांच्या देखत, मोठ्याने ऐका आणि ते का आवडते ते त्यांना सांगा. त्याला खर्च येत नाही, आणि ऐकायला शिकवणारा शिक्षक मुलांना घरातच मिळतो.