‘त्या काळची नीती’ नेमकी कोणाची?

१/ ‘त्या काळाला आजची नीती लावू नये’, हे इतिहासचर्चेतले नेहमीचे वाक्य. पण त्या काळची नीती ठरवली कोणी?

२/ १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले, दोष पुरुषांतही असता बोल स्त्रीलाच का?

३/ ‘अन्याय’ म्हणजे केवळ ‘समाजाला अमान्य’ असते, तर समाजमान्य रूढीला अन्याय्य म्हणणे हा वदतोव्याघात ठरला असता. टीकाकारांना मात्र ताराबाईंचा अर्थ नेमका कळला, म्हणूनच तो झोंबला. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

४/ काळ जरूर समजून घ्यावा. पण त्याच काळात ‘हे चूक आहे’ म्हणणाऱ्यांना त्यातून वगळू नये.