पोटातलं मन

1822च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. मग बोमाँट यांनी मांस, शिळा पाव, कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्यातून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून पाहिले. माणूस संतापला की त्याचं पचन बिघडतं, ही नोंदही त्यांनी 1833च्या पुस्तकात केली. (दिवसभर पोटात दोरा लोंबकळत असताना संताप येणारच!)

हा झाला मनाचा पोटावरचा अंमल. पण वाट दुहेरी आहे. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेतात. 2011 साली उंदरांना एका जातीचे लॅक्टोबॅसिलस जिवाणू खाऊ घातले, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ती नस कापलेल्या उंदरांत मात्र फरक पडला नाही. प्रयोग सुंदर आहे, पण उंदरांवरचा. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, असं सांगून आता बाजारात 'आनंदी' कॅप्सुली विकतात. ते सेरोटोनिन थेट मेंदूत शिरू शकत नाही, एवढंच सांगायचं राहून जातं.

संगीताचंही हेच झालं. 1993 साली 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला. आकृत्यांच्या कोड्यांत त्यांचे गुण वाढले, पण पाव तासात परिणाम ओसरला. तरीही 1998मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला सरकारी पैसे मागितले!

त्यापेक्षा मॉन्ट्रियलचं 2011चं संशोधन आम्हाला जास्त पटतं. अंगावर काटा आणणारं, स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन स्रवतं. काटा येतो त्या क्षणी तर स्रवतंच, पण त्या क्षणाची चाहूल लागल्यावरही. तिहाई सुरू झाली की समेआधीच ज्यांची मान हलायला लागते, त्या दिवाळी पहाटेच्या श्रोत्यांना हे प्रयोगशाळेने सांगायची गरज नव्हती. मात्र ज्याला तबला कंटाळवाणा वाटतो, त्याला तो औषध म्हणून पाजता येणार नाही.

यंदाच्या दिवाळी अंकात म्हणूनच बुद्धी तल्लख करण्याचे दहा उपाय नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंवर एका डॉक्टरांचा लेख आहे, एका तबलावादकाची मुलाखत आहे आणि कथा नेहमीसारख्या भरपूर आहेत. चकल्या खात वाचायला आमची हरकत नाही. पानांना तेल लागलं तर तक्रार मात्र चालणार नाही.